प्लगच असन, सर!

सावनेरहून पाटणसावंगीकडे निघालं की चार-पाच किलोमीटरवर रस्त्याच्या कडेला एक कडुनिंब लागतो. कडुनिंबाखाली पानठेला, पानठेल्यापुढे एक बाकडं. जुलै ते नोव्हेंबर या पाच महिन्यांत मी त्या बाकड्यावर जितका बसलो तितका शाळेतल्या माझ्या खुर्चीवरही बसलो नसेन. माझी शाळा त्या झाडाच्या पलीकडे आहे, आणि माझी राजदूत झाडाच्या पलीकडे जायला तयार नव्हती.

बहुतेक वेळा ती बरोबर झाडाखाली बंद पडायची. झाडापर्यंत पोचली नाही तर झाडाच्या अलीकडे. आधी आवाज बदलायचा. भरपेट जेवून गप्पा मारणाऱ्या माणसाला मध्येच उचकी लागावी तसा. मग दोन आचके, एक फुसकारा आणि शांतता. मी उतरून गाडी स्टँडवर चढवायचो, कॉक बघायचो, रिझर्व्हवर टाकायचो, पुन्हा पहिल्यावर आणायचो आणि नऊ-दहा किका मारायचो. पानठेलेवाला खर्रा घोटता घोटता मान वर न करता म्हणायचा, "प्लगच असन, सर."

दहा मिनिटांनी गाडी सुरू व्हायची. जणू काही झालंच नाही अशी, एका किकमध्ये.

राजदूतची ओळख नव्या पिढीला करून द्यावी लागेल. ही एस्कॉर्ट्‌स कंपनीची गाडी, मूळ नमुना पोलंडमधल्या एसएचएलचा. नाव १७५, पण इंजिन मोजलं तर भरतं १७३ सीसी. मधले दोन सीसी कुठे गेले हा प्रश्न आमच्या घरात कधी कोणी विचारला नाही. १९७३ च्या 'बॉबी'त ऋषी कपूर डिंपलला मागे बसवून जी चिमुकली राजदूत चालवतो, ती हिची धाकटी बहीण. पुढे याच नावाने साडेतीनशे सीसीची, यामाहाच्या घराण्यातली एक आली, ती हिची श्रीमंत चुलत बहीण. आमची मात्र सरळ दूधवाल्यांची. दोन्हीकडे दोन-दोन कॅन लटकवा, मागे कडब्याची पेंढी टाका, चिखलातून न्या, ती कुरकुरत नाही. माझे बाबा ग्रामसेवक होते. त्यांनी ती १९८४ साली घेतली. त्यांच्या काळात ती एका किकमध्ये सुरू व्हायची असं बाबा सांगायचे. आई सांगते, तीन.

मराठी वाचकाला सावनेरचं नाव माहीत असतं ते राम गणेश गडकऱ्यांमुळे. 'बाळकराम' या नावाने अख्ख्या महाराष्ट्राला हसवणारा हा माणूस २३ जानेवारी १९१९ ला आमच्या गावात वारला, तेव्हा वयाची पस्तिशीही गाठली नव्हती. त्यामुळे सावनेरात बसून विनोदी लिहायचं म्हणजे मानेवर ओझंच असतं. त्यांचं 'राजसंन्यास' अपुरं राहिलं, माझ्या राजदूतचा प्रवास अपुरा राहतो. याहून जास्त साम्य मी दाखवणार नाही.

आता टू-स्ट्रोक इंजिनाबद्दल. हे इंजिन फार सोपं असतं असं ज्याला त्याला वाटतं, आणि घात तिथेच होतो. त्याच्यात फोर-स्ट्रोकसारखे व्हॉल्व्ह नाहीत, कॅम नाही. पिस्टन एकदा वर गेला, एकदा खाली आला की एक फेरा संपला. वेगळं इंजिन ऑइल नाही, ते पेट्रोलातच मिसळून प्यायला द्यायचं. मागायला फक्त तीन गोष्टी: पेट्रोल, हवा आणि ठिणगी. तीनपर्यंत मोजता येणारा कोणीही माणूस टू-स्ट्रोकवर मत देऊ शकतो, आणि सावनेर तालुक्यात तीनपर्यंत सगळ्यांनाच मोजता येतं. आजकालची फोर-स्ट्रोक गाडी बंद पडली तर लोक सहानुभूती दाखवून निघून जातात. टू-स्ट्रोक बंद पडली तर ते आपली गाडी बाजूला लावतात आणि बाह्या वर करतात.

पहिला मान पानठेलेवाल्याचा. त्याच्याकडे प्लगपाना होता. पानठेल्यावर प्लगपाना काय करत होता हे मी विचारलं नाही. सुपारीच्या डब्यामागून तो निघाला, इतकंच पाहिलं. त्याने प्लगची टोपी ओढून काढली, पाना लावला, प्लग बाहेर आला. काळाकुट्ट, ओला, टोकावर मिसळलेल्या ऑइलची चिकटाई. त्याने तो धोतराच्या... माफ करा, पँटीच्या कडेला पुसला, काडीपेटीच्या बाजूवर घासला, फट अंगठ्याच्या नखाने मोजली. मग प्लग टोपीत घालून सिलिंडरच्या हेडवर टेकवला आणि मला म्हणाला, "मारा किक." मी मारली. निळी ठिणगी, टच्च. पुन्हा मारली, पुन्हा टच्च. "करंट त आहे," तो म्हणाला, जरा नाराजीनेच. प्लग परत बसवला. गाडी सुरू झाली.

"म्हटलं नव्हतं?"

मी नवा प्लग घेतला. दोन दिवसांनी त्याच कडुनिंबाखाली त्याच बाकड्यावर बसलो असताना तो म्हणाला, "आजकालचे प्लग डुप्लिकेट येऊन राहिले."

त्या बाकड्यावर सकाळी एक काका असायचे. कोळशाच्या खाणीत तीस वर्षं फिटर होते, आता निवृत्त. आमच्या भागात वेकोलिच्या खाणी आहेत, त्यामुळे निवृत्त फिटरांची इथे कधी टंचाई पडत नाही. त्यांनी चौथ्या दिवशी तोंड उघडलं. चार दिवस ते निरीक्षण करत होते म्हणे.

"कंडेन्सर आहे जी."

"कशावरून?"

"गाडी चार-पाच किलोमीटर चालते म्हणजे काय? गरम होते. गरम झालं का कंडेन्सर लीक मारते. दहा मिनिटं उभी राह्यली का थंड होते. थंड झालं का कंडेन्सर पुन्हा शाण्यावानी वागते."

मी बावीस वर्षं सातवी-आठवीला विज्ञान शिकवतो. इतकी बिनतोड मांडणी मला माझ्या नोटमध्येही जमलेली नाही. मी तिथल्या तिथे शरण गेलो. संध्याकाळी नवा कंडेन्सर आला, त्याच्यासोबत पॉइंटही बदलले, कारण काकांच्या मते नवरा नवा आणि बायको जुनी असं करू नये. दुसऱ्या दिवशी गाडी कडुनिंबावरून सर्रकन निघून गेली. पानठेलेवाला उभा राहून बघत होता. मी हात केला. शाळेत पोचलो, परत आलो, वाटेत एकदाही उचकी नाही. आनंदाच्या भरात गावच्या पंपावर टाकी फुल्ल केली.

तिसऱ्या दिवशी ती झाडाच्याही एक किलोमीटर अलीकडे बसली.

काका चालत तिथवर आले. गाडीकडे बघून म्हणाले, "मंग कॉइल असन."

मधल्या काळात आमच्याकडे भाचा आला. त्याच्याकडे आरएक्स १०० आहे. हीही टू-स्ट्रोकच, १९८५ साली आली आणि आता ज्यांचा जन्मही तेव्हा झाला नव्हता अशी पोरं तिच्यासाठी जीव टाकतात. आरएक्सवाला राजदूतवाल्याकडे जसा बघतो, तसं जावईही सासऱ्याच्या शेतीकडे बघत नाही. त्याने गाडीभोवती एक फेरी मारली.

"मामा, कार्बोरेटरमध्ये कचरा आहे. जेट चोक होते. अन् खरं सांगू का, विका न ही म्हैस."

त्याने अंगणात कार्बोरेटर खोलला. ब्रेकच्या केबलची एक तार सोडवून जेटच्या भोकातून आरपार घातली, तोंडाने फुंकर मारली, तोंडात गेलेलं पेट्रोल तुळशीजवळ थुंकला. यावरून बायकोचं आणि त्याचं जे झालं ते इथे देत नाही. फ्लोट हलवून पाहिला, सुई पुसली. सगळं जोडून झाल्यावर एक स्क्रू उरला.

"हा कुठला?"

"एक्स्ट्रा असन."

गाडी सुरू झाली. भाचा तिच्यावरून गावात दोन चकरा मारून आला आणि म्हणाला, "पाह्यलं?" तो पुण्याला गेला त्याच दिवशी ती पुन्हा कडुनिंबाखाली.

शेजारच्या नानांचं म्हणणं सगळ्यांत जुनं होतं. त्यांचा विषय ऑइल. लिटरला चाळीस मिली की पन्नास मिली, यावर नाना आणि त्यांचे थोरले बंधू १९९० पासून बोलत नाहीत असं म्हणतात. मला वाटतं शेताच्या बांधाचंही काही असावं. नानांनी माझ्या सायलेन्सरमागे उभं राहून धूर हुंगला, डोळे मिटले आणि म्हणाले, "जास्त होऊन राहिलं." त्याच संध्याकाळी थोरल्या बंधूंनी तोच धूर दुरून पाहून निरोप पाठवला, "कमी होऊन राहिलं." मी एकदा नानांच्या मापाने भरलं, एकदा बंधूंच्या. दोन्ही वेळा दहा मिनिटं थांबल्यावर गाडी सुरू झाली. दोन्ही घरांतून मला फोन आले.

शेवटी मिस्त्रीकडे नेली. राजदूत उघडता येणारे मिस्त्री आता कमी राहिले. हा त्यांपैकी एक, आणि फार शांत माणूस. त्याने सगळा इतिहास ऐकला, कोणी काय काय सांगितलं तेही ऐकलं, आणि टाकीच उतरवून बाजूला ठेवली. मग पाण्याच्या जुन्या बाटलीत पेट्रोल भरलं, बाटली तारेने छताच्या हुकाला उलटी टांगली, तिच्यातून नळी खाली सोडून कार्बोरेटरला जोडली. सलाईन लावल्यासारखी. बाटलीच्या बुडाला, जे आता वर झालं होतं, त्याने खिळा तापवून एक भोक पाडलं. मी ते डोळ्यांनी पाहिलं. ते भोक कशाला हे मी त्याला विचारलं नाही, कारण मला ते माहीत होतं. माहीत असलेल्या गोष्टीचा मला किती उपयोग झाला हे पुढे येईलच.

गाडी सुरू झाली ती तास-सव्वातास बंदच पडेना. मिस्त्रीने ती रेस केली, स्लो केली, दोन गिऱ्हाइकं उरकली, चहा मागवला, ती आपली भकभकत उभी. तिथे बसलेल्या माणसांना धुराने खोकला सुटला.

"गाडी त ठीकच आहे, सर," मिस्त्री म्हणाला आणि माझ्याकडे जरा वेळ बघितलं. "तुमी क्लच दाबून त ठेवत नाही न?"

पस्तीस वर्षांत माझ्या गाडी चालवण्यावर इतक्या मायेने कोणी संशय घेतला नव्हता.

पण त्याने प्रामाणिकपणे विचार केला. इंजिन ठीक म्हणजे दोष टाकीत. टाकीत गंज, गंजाचा कचरा, तो कॉकच्या जाळीत अडकतो. बरोबर दिशा होती. त्याने टाकीत मूठभर नट-बोल्ट आणि थोडं रॉकेल टाकलं, आणि त्याच्याकडचा पोरगा ती टाकी उराशी धरून अर्धा तास हलवत राहिला, ढोल वाजवल्यासारखी. लाल पाणी निघालं. टाकी आतून चकचकीत झाली. कॉकची जाळी नवी. या सगळ्या वेळात टाकीचं झाकण एका स्टुलावर कापसावर ठेवलं होतं, लग्नातल्या व्याह्यासारखं. त्याला कोणी हात लावला नाही. पुन्हा सांगतो, स्टुलावर. माझ्यासमोर. मी त्याच्या शेजारी बसून चहा प्यायलो.

गाडी जोडली. ट्रायलला मिस्त्री स्वतः घेऊन गेला. टाकीत त्याने पाव लिटरच टाकलं होतं, म्हणून असेल, ती मस्त चालली. बिल झालं. मी टाकी भरली. कडुनिंब.

मग मॅग्नेट साइडचं ऑइल सील हवा ओढतं असं निघालं, म्हणून इंजिन उघडलं. सील बदललं. सायलेन्सरमध्ये कार्बन साचतो म्हणून तो काढून अंगणात गोवऱ्यांवर भाजला. गल्लीतल्या पोरांना वाटलं होळी यंदा दसऱ्याआधीच आली. एका पालकाने सांगितलं, त्या कडुनिंबाजवळ पूर्वी काहीतरी झालं होतं. काय झालं होतं हे त्यालाही ठाऊक नव्हतं, पण झालं होतं. मी विज्ञानाचा शिक्षक असल्यामुळे नारळ स्वतः फोडला नाही, बायकोला फोडायला लावला. दहा मिनिटांनी गाडी सुरू झाली.

इथे थोडं थांबून एक गोष्ट लक्षात घ्यावी. या पाच महिन्यांत एकही उपाय फसला नाही. प्लग पुसला, गाडी सुरू झाली. कंडेन्सर बदलला, सुरू झाली. जेट फुंकला, नारळ फोडला, एकदा तर पानठेल्यावरच्या एका गिऱ्हाइकाने नुसती सीटवर थाप मारली, सुरू झाली. गाडीला दहा मिनिटं हवी असायची. त्या दहा मिनिटांत ज्याचा हात गाडीवर असेल तो यशस्वी. त्यामुळे सावनेर ते पाटणसावंगी या पट्ट्यात माझी राजदूत दुरुस्त केलेले अकरा जण तयार झाले, आणि त्यांतल्या एकाचंही मत बदलण्याचं काही कारण नव्हतं. ताप तिसऱ्या दिवशी आपोआपच उतरणार असतो. दुसऱ्या रात्री ज्याचं औषध सुरू होतं तो वैद्य धन्वंतरी.

मी पेशाने शिक्षक. हे सगळं अशास्त्रीय चाललंय हे मला कळत होतं. म्हणून ऑक्टोबरात मी एक वही घातली. रकाने आखले: तारीख, वेळ, ऊन, किती किलोमीटरवर बंद, टाकीत पेट्रोल किती, मागे कोण बसलं होतं. तिथी हा रकाना आईच्या आग्रहाने. तीन आठवड्यांनी वही उघडून बसलो तर एक गोष्ट स्वच्छ दिसत होती. टाकी भरलेली असली की गाडी चार किलोमीटरवर दम तोडते. अर्धी असली की आठवर. तळाला असली की बारा-तेरापर्यंत जाते, कधी बंदच पडत नाही.

याचं कारण कोणत्याही सातवीच्या मुलाला विचारलं असतं तर त्याने उत्तर दिलं असतं. दरवर्षी ऑगस्टच्या सुमारास मी हवेचा दाब शिकवतो. पाण्याने काठोकाठ भरलेला ग्लास पुठ्ठा लावून उलटा करतो, पाणी पडत नाही, पोरं टाळ्या वाजवतात. मग फळ्यावर तेलाचा पिपा काढतो. "एकच भोक पाडलं तर तेल नीट का पडत नाही?" "हवा आत जायला जागा नाही, सर!" अख्खा वर्ग ओरडतो. "मग काय करायचं?" "दुसरं भोक!" त्या वर्षीही ऑगस्टमध्ये मी हा धडा घेतला होता. गाडी त्या दिवशी झाडाखाली बंद पडल्यामुळे तासाला पंधरा मिनिटं उशिरा पोचलो होतो, म्हणून घाईत घेतला.

वहीवरून मी काढलेला निष्कर्ष असा: गावच्या पंपाचं पेट्रोल भेसळीचं आहे. जास्त भरलं की जास्त भेसळ. मी पंप बदलला आणि एका वेळी एकच लिटर भरू लागलो. गाडी सुधारली! भेसळीचा सिद्धान्त सिद्ध झाला, आणि मी तो शिक्षकांच्या खोलीत सांगितलाही. दोघांनी पंप बदलले.

आता एक जुनी गोष्ट सांगणं भाग आहे. जूनमध्ये पहिल्या पावसात टाकीत पाणी शिरलं होतं. झाकणाचं रबर वाळून आक्रसलं होतं, गाडी रात्रभर अंगणात भिजली, सकाळी पेट्रोलाच्या तळाला पाणी. ते सगळं काढून मी स्वतःच्या हाताने पावसाचा पक्का बंदोबस्त केला होता. कोणाला सांगण्यासारखं त्यात काही नव्हतं, म्हणून सांगितलं नाही. एवढं पक्कं काम झालं की पाच महिने एक थेंब आत गेला नाही, याचं मला मनातून कौतुकही होतं.

आणि दुसरी. मी गुढीपाडव्याला खर्रा सोडला. नागपूर जिल्ह्याबाहेरच्या वाचकांना खर्रा म्हणजे काय ते सांगतो: सुपारी, तंबाखू आणि चुना प्लॅस्टिकच्या पातळ पन्नीत घालून हाताने घोटघोट घोटायचा, मग त्याच पन्नीत गुंडाळून गिऱ्हाइकाच्या हाती द्यायचा. त्यावर सरकारने बंदी घातलेली आहे, तेव्हा तो कुठे मिळतो हे विचारू नका. पाडव्याला बायकोसमोर, देवासमोर, गुढीसमोर मी तो सोडला. बाकड्यावर मी बसायचो ते केवळ गाडीमुळे.

नोव्हेंबरातल्या एका मंगळवारी बायको म्हणाली, अदासाला जाऊ. अदासाचा गणपती विदर्भातल्या अष्टविनायकांपैकी, टेकडीवर, मूर्ती भव्य. बायको मागे बसणार म्हणून मी मानाने टाकी फुल्ल केली. तिच्यासमोर एक लिटर भरणं बरं दिसेना. रस्ता वेगळा, कडुनिंब नाही, पानठेला नाही. मला वाटलं, आज जमेल. चार किलोमीटर झाले. उचकी. आचके. फुसकारा.

दोन्ही बाजूंना कपाशी. वर ऊन. माणूस एकही नाही. पाच महिन्यांत पहिल्यांदाच सल्ला द्यायला कोणी नव्हतं, आणि मला अगदी पोरकं वाटलं. मी प्लग काढायला वाकलो.

"पेट्रोल आहे का?" बायको म्हणाली.

"आताच भरलं ना तुझ्यासमोर."

"बघते."

"कशाला उघडतेस, फुल्ल आहे!"

तिने झाकणावर हात ठेवून पिळलं. झाकण सुटता सुटता एक आवाज आला. सूऽऽऽ. लांब श्वास आत घेतल्यासारखा. पाच महिने श्वास कोंडून धरलेल्या माणसाने घ्यावा तसा. आम्ही दोघेही जरा मागे सरलो.

बायकोने झाकण उलटं करून पाहिलं. त्याच्या आतल्या बाजूला, रबराच्या जागी, चौघड करून दाबून बसवलेली एक पन्नी होती. पेट्रोलने आणि ऑइलने पिवळी पडलेली, पण कडेला चुन्याचा डाग तसाच. त्या झाकणाला मधोमध सुईच्या टोकाएवढं भोक असतं. टाकीतून पेट्रोल खाली जातं तेवढी हवा वरून आत यावी म्हणून. ते भोक मी माझ्या पक्क्या बंदोबस्तात सीलबंद केलं होतं. पेट्रोल उतरत गेलं की वर पोकळी तयार व्हायची, पोकळी पेट्रोलला धरून ठेवायची, कार्बोरेटर कोरडा पडायचा. दहा मिनिटांत कुठून तरी चिमूटभर हवा झिरपायची आणि गाडी शहाणी व्हायची. टाकी जितकी भरलेली तितकी वर हवेला जागा कमी, तितकी ती लवकर गुदमरायची. पंपावर मी झाकण उघडायचो तेव्हा सूऽऽऽ ऐकू आलं नाही का, असं तुम्ही विचाराल. पंपावर शेजारी ट्रक उभे असतात. आणि माणसाला जे ऐकायचं नसतं ते ऐकू येत नाही.

"तेलाच्या पिप्याले दोन भोकं कायले पाडतात?" बायको म्हणाली. ती नागपुरी बोलते तेव्हा मामला गंभीर असतो.

मी काही बोललो नाही.

"ही पन्नी कायची आहे?"

"अशीच. झाकणाला लावायला."

"खर्र्याची आहे."

"पानठेल्यावरून मागून घेतली होती. नुसती पन्नी."

"नुसती पन्नी," ती म्हणाली. "कधी?"

"जूनमध्ये."

"अन् खर्रा पाडव्याले सोडला होता."

कपाशीतून वारा गेला. मी झाकण तसंच, पन्नीशिवाय लावलं, किक मारली. एका किकमध्ये सुरू झाली. अदासापर्यंत ती एकदाही अडखळली नाही. वाटेत बायको काही बोलली नाही. गणपतीसमोर मला पुन्हा एकदा खर्रा सोडावा लागला, या वेळी पावतीसारखं काहीतरी हवं म्हणून अकरा नारळांच्या नवसासकट.

दुसऱ्या दिवशी कडुनिंबाजवळ गाडी न थांबता पुढे गेली, तर पानठेलेवाल्याने हाका मारल्या. मी परत वळून त्याला सगळं सांगितलं. त्याने शांतपणे ऐकून घेतलं.

"तो जुलैतला प्लग आता सेट झाला म्हणजे."

निवृत्त फिटर काका म्हणाले, कंडेन्सर बदलला नसता तर नुसती पन्नी काढून काही उपयोग नव्हता. नानांनी निरोप पाठवला की बघा, पन्नास मिली. मिस्त्रीला सांगितलं तेव्हा तो पाना हातात धरून स्टुलाकडे बघत राहिला, आणि फार वेळाने म्हणाला, "झाकण त त्याच्यावरच होतं, सर." त्याने सीलचे पैसे परत द्यायचे काढले, मी घेतले नाहीत. भाच्याला फोन केला तर त्याचं म्हणणं, तो एक्स्ट्रा स्क्रू कुठला ते आत्ता आठवलं, पण आता राहू द्या.

गेल्या आठवड्यात शाळेसमोर एका माणसाची जुनी यझदी बंद पडली होती. तो घामाघूम होऊन किका मारत होता. मी स्कूटी बाजूला लावली (राजदूत बायको घेऊन गेली होती), बाह्या वर केल्या, जवळ गेलो. त्याने माझ्याकडे आशेने पाहिलं.

"प्लगच असन," मी म्हणालो.

जुनी राजदूत बाळगणाऱ्या सद्‌गृहस्थांसाठी एवढंच कळवायचं आहे: माझ्याकडे प्लग तीन, कंडेन्सर एक, पॉइंटचा जोड एक, कॉइल एक, मॅग्नेट साइडचं सील एक, असे सुटे भाग पडून आहेत. सगळे जुने, गाडीतून काढलेले आणि एकालाही काही झालेलं नाही. ज्यांना हवे असतील त्यांनी रविवारी सावनेरला येऊन न्यावेत. पन्नी मात्र देता येणार नाही. ती बायकोने पुरावा म्हणून ठेवून घेतली आहे.